ॲट्राझिन मारलेल्या रानात जिवाणूंचं काय होतं?

प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: तीन एकर काळं रान, सामू (pH) ८ च्या वर, सहा वर्षं ऊसच. लागण, खोडवा, पुन्हा लागण. भांगलणीला माणसं मिळत नाहीत म्हणून लागणीनंतर ॲट्राझिन हे तणनाशक, पुढे रुंद पानाचं तण आलं की २,४-डी, आणि खोडवा मोडताना ग्लायफोसेट. शेजारचे काका म्हणतात, औषध मारून मारून रान मेलं. मातीच्या अहवालात मात्र ‘एकूण जिवाणू’ भरपूर. तिकडे ॲट्राझिन पूर्वी दीड-दोन महिने तण रोखून धरायचं, ते आता तीन आठवड्यांत हात टेकतं. दुकानदाराने यावर जिवाणूंची बाटली दिली आहे आणि ती तणनाशकाच्याच पंपात घालून मारायला सांगितलं आहे.

दादा, पहिलं काम म्हणजे ती बाटली पंपात ओतू नका. कारण साध्या हिशोबात आहे, आणि हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकीचं उत्तर सोपं जाईल.

५० टक्क्यांची ॲट्राझिन पावडर एकरी ८०० ग्रॅम धरली, तर हेक्टरी साधारण एक किलो मूळ घटक पडतो. हेक्टरभर रानाची वरची १५ सेंटिमीटर माती भरते जवळपास २० लाख किलो. म्हणजे त्या थरात सारखं मिसळलं गेलं, तर किलोभर मातीला अर्धा मिलिग्रॅम. पण ते सारखं मिसळत नाही, सुरुवातीचे दिवस वरच वर राहतं. नुसत्या वरच्या दोन सेंटिमीटरचा हिशोब केला तर किलोला चारच्या आसपास येतं. आता पंपात बघा. हेक्टरी एक किलो मूळ घटक ५०० लिटर पाण्यात म्हणजे लिटरला २००० मिलिग्रॅम. रानातल्या जिवाणूच्या वाट्याला जे येतं त्याच्या शेकडो ते हजारो पट, शिवाय औषध पानाला चिकटावं म्हणून घातलेले साबणासारखे पदार्थ. बाटलीतला जिवाणू त्या पाण्यात तास-दोन तास पोहणार आणि मग उन्हात तापलेल्या मातीवर पडणार. पैसे पाण्यात, तेही शब्दशः.

शेकड्याने छापून येणाऱ्या ‘तणनाशकाने जिवाणू नष्ट’ अशा बातम्या वाचतानाही हाच हिशोब करावा. प्रयोगशाळेत पुष्कळदा शिफारशीच्या दहा पट, शंभर पट मात्रा देऊन बघतात. त्यात गैर काही नाही, धोका कुठे सुरू होतो ते कळायला तसंच करावं लागतं. पण तो आकडा उचलून तुमच्या सरीत आणून ठेवता येत नाही.

मग काका चुकले का? पूर्ण नाही. आणि तुमचा अहवाल बरोबर का? तोही पूर्ण नाही.

अहवालातला ‘एकूण जिवाणू’ हा आकडा कसा काढतात ते सांगतो, म्हणजे त्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवाल. माती पाण्यात ढवळतात, ते पाणी पातळ पातळ करत नेतात, जिवाणूंचं खाद्य घातलेल्या जेलीच्या, म्हणजे अगारच्या, ताटलीवर पसरवतात आणि दोन-तीन दिवसांनी उठलेले ठिपके मोजतात. ग्रॅमभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, पण अशा ताटलीवर वाढायला तयार होणारे शंभरातले एखाद-दुसरेच. बाकीच्यांना ते जेवण मानवत नाही. म्हणजे गावची शिरगणती म्हणून आपण फक्त लग्नाच्या पंगतीला आलेले लोक मोजतो. त्यात तुम्ही दिलेली माती वीतभर खोल खड्ड्यातली, वरपासून खालपर्यंत मिसळलेली. तणनाशक जिथे बसलंय तो दोन बोटांचा थर त्यात पार हरवून गेला.

या आकड्याने मलाही एकदा तोंडघशी पाडलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या शेतकरी मेळाव्यात मी ठासून सांगितलं होतं की फवारणीनंतर जिवाणू वाढतात, माझ्याकडे मोजमाप आहे. मोजमाप खरं होतं. अर्थ चुकीचा लावला होता. फवारणीनंतर तण मेलं, त्याची मुळं जागेवर कुजायला लागली, आणि कुजकं खाणाऱ्या जिवाणूंची जत्रा भरली. ताटलीवर ठिपके दुप्पट झाले ते त्यांचे. जिवंत मुळांभोवती राहून त्यांच्या स्रावांवर जगणारे जिवाणू दरम्यान कमी झाले, ते माझ्या ताटलीला कळलंच नाही. पुढच्या वर्षी त्याच गावातल्या एकाने मला विचारलं, ‘साहेब, मग दोनदा मारू का?’ तेव्हा चूक ध्यानात आली.

म्हणून ‘जिवाणू मेले का’ असं न विचारता ‘कोणतं काम मंदावलं आणि किती दिवस’ असं विचारायचं. कुजवण्याचं काम घ्या. पाचट, मुळं, शेण खाणारे प्रकार इतके आहेत की एक जमात आजारी पडली तर दुसरी ते काम उचलते. तिथे शिफारशीच्या मात्रेचा धक्का बहुधा काही आठवड्यांत भरून निघतो. पण अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम थोड्याच घराण्यांच्या हातात आहे. अमोनियापासून नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास आणि त्यांचे भाईबंद, पुढे नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर वगैरे. हे हळू वाढतात आणि यांना बदली माणूस मिळत नाही. त्यामुळे तणनाशकाचा परिणाम तपासायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तीही याच कामावर नजर ठेवते. औषध दिलेली आणि न दिलेली माती सारख्या ओलीत ठेवायची, २८ दिवसांनी नायट्रेट मोजायचं. फरक २५ टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, नसेल तर १०० दिवसांपर्यंत बघत राहायचं. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला होता. शिफारशीच्या मात्रेत बहुतेक तणनाशकांचा परिणाम किरकोळ आणि तात्पुरता, असाच त्याचा सूर होता. पण अपवादांत त्यांनी सल्फोनिलयुरिया गटाचं नाव घेतलं, आणि तेही नत्राच्या चक्राबाबत. हा गट वनस्पतीतला जो विकर (एन्झाइम) अडवतो, तोच विकर जिवाणूंतही असतो. लव्हाळ्यासाठी उसात आपण जे हॅलोसल्फ्युरॉन वापरतो ते याच गटातलं.

इथे एक गंमत सांगतो. नायट्रेट सावकाश तयार होणं हे प्रत्येक वेळी नुकसानच असतं असं नाही. २०१५ पासून देशातला सगळा युरिया नीमकोटेड झाला, त्यामागे हाच हेतू आहे. निंबोळीच्या तेलाने हे काम मंदावतं आणि पाटपाण्याबरोबर नायट्रेट वाहून जाणं कमी होतं. ऊस अमोनियाच्या रूपातलं नत्रही घेतो. त्यामुळे आठ-पंधरा दिवस नायट्रेट कमी दिसलं म्हणून छाती पिटायची गरज नाही. महिना-दोन महिने तसंच राहिलं तर मात्र काहीतरी अडलं आहे.

आता औषधांकडे वळू. सगळी तणनाशकं एकाच मापाने मोजू नका, आणि सगळी रानंही.

ग्लायफोसेट वनस्पतीतला शिकिमेट नावाचा मार्ग अडवतं. माणसात, जनावरात हा मार्ग नाही, म्हणून ते निरुपद्रवी असं पूर्वी विक्रेते सांगत फिरायचे. पण जिवाणूंत आणि बुरशीत तो मार्ग आहे. काही जिवाणूंचा विकर त्याला बळी पडतो, काहींचा मुळातच दाद देत नाही. त्यामुळे मारल्यावर एकूण आकडा हलत नाही, पंगतीतली माणसं बदलतात. काही जिवाणू तर ग्लायफोसेटमधलं स्फुरद (फॉस्फरस) काढून खातात. आपल्या जिल्ह्यात याची दोन टोकं बघायला मिळतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, त्यांना ते घट्ट चिकटतं. चिकटलेलं औषध जिवाणूला त्रास देत नाही, पण जिवाणूला ते खाताही येत नाही. तुमच्याकडच्या जास्त सामूच्या मातीत ते त्यामानाने सैल राहतं. त्यात सुपर फॉस्फेटचा मारा असेल तर आणखी सैल, कारण चिकटायच्या जागा दोघांच्या त्याच.

कायद्याचंही सांगितलेलं बरं. भारतात ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच होतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त कीड-नियंत्रण व्यावसायिकांकडूनच वापरावं अशी अधिसूचना काढली. आपल्या भागात विनानांगरणीचा ऊस करणारे बरेच जण त्यावर खोडवा मारतात हे मला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, नांगर न घालता मुळं जागच्या जागी कुजू दिली की सेंद्रिय कर्ब वाढतो. जिवाणूंच्या बाजूने बघितलं तर या म्हणण्यात दम आहे, कारण वारंवार रोटर घातल्याने मातीची ढेकळंच नव्हे तर त्यांच्या आतली घरंही मोडतात. फक्त एक धोका लक्षात ठेवायचा. मरणाऱ्या बुडख्यांवर फ्युजॅरियम, पिथियमसारख्या रोगकारक बुरशी आधी तुटून पडतात. बुडखे पिवळे पडले की चार दिवसांत लगेच टिपरी पुरली, तर ती बुरशी नव्या मुळांवर येते. मध्ये दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्यावेत.

२,४-डीची तुम्हाला जिवाणूंच्या बाजूने फार काळजी नको. ओलाव्याच्या उबदार रानात ते आठवड्या-दोन आठवड्यांत निम्म्यावर येतं, आणि येतं ते जिवाणू खातात म्हणूनच. १९४९ सालीच ऑडस नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मातीतून २,४-डीचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवून दाखवलं होतं. पहिल्या खेपेला काही दिवस काहीच घडत नाही, मग ते झपाट्याने नाहीसं होतं. दुसऱ्या खेपेला मात्र थांबणंच नाही, दिलं की संपलं. माती ‘शिकते’ म्हणतात ते हेच. पचवण्याची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर असतात, आणि हे प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं. २,४-डीने शेजाऱ्याच्या टोमॅटोची पानं आखडतात हा त्रास जिवाणूंच्या त्रासापेक्षा मोठा आहे, वारा बघून मारा.

आणि आता तुमचं ॲट्राझिन. खरी गोष्ट इथे आहे. तुमच्या रानाचा सामू ८ च्या वर आहे. अशा विम्लधर्मी मातीत ॲट्राझिनचं निव्वळ रासायनिक विघटन मंद होतं, म्हणजे ते इतरांपेक्षा जास्त टिकायला हवं. तुमच्याकडे उलटं चाललंय. याचा माझ्या मते सरळ अर्थ, कोणीतरी ते खातंय. १९९५ साली अमेरिकेत ॲट्राझिन सांडलेल्या जागेच्या मातीतून स्यूडोमोनासचा एक वाण वेगळा केला गेला, जो ॲट्राझिनमधलं नत्र स्वतःसाठी वापरतो. त्याची पचनाची जनुकंही प्लाझ्मिडवरच निघाली. पुढे वेगवेगळ्या खंडांतल्या जिवाणूंत तीच जनुकं जवळजवळ जशीच्या तशी सापडली. ॲट्राझिन बाजारात आलं १९५० च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे साडेतीन-चार दशकांत या जिवाणूंनी नवं अन्न ओळखलं, आणि कृती गावोगाव पोचवली. सहा वर्षं एकाच रानात, एकाच वेळी, एकच औषध मारलं की तुम्ही त्यांना दरसाल ठरल्या तिथीला जेवण घालत असता.

म्हणजे काका म्हणतात तसं रान मेलेलं नाही. उलट तुमच्या औषधावर जगायला शिकलेलं रान आहे. पण ते निरोगी आहे असा याचा अर्थ काढू नका, बदललंय एवढंच.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. लव्हाळा आणि हराळी ॲट्राझिनला पहिल्यापासून जुमानत नाहीत. बाकीचं तण मेल्यावर त्यांना मोकळं रान मिळतं आणि औषध चाललं नाही असं वाटतं. फवारताना वरचा थर कोरडा असेल, ढेकळं मोठी असतील तरी तसंच होतं. खात्री करायला पैसे लागत नाहीत, कुंड्या लागतात. दहा-बारा कुंड्या घ्या. निम्म्यांत रानातली माती, निम्म्यांत कधीही औषध न पडलेली, म्हणजे घराच्या परसातली किंवा विहिरीजवळच्या झाडाखालची, पण पोत तोच असलेली काळी माती. फवारणीच्या दिवशी प्रत्येक मातीच्या दोन कुंड्या बाजूला ठेवून बाकीच्या सरीत ओळीने मांडा आणि रोजच्या चालीने पंप मारत पुढे जा. म्हणजे मात्रा मोजायची कटकट नाही, दोन्ही मातींना सारखंच पडतं. कुंड्या घरी आणा, सारखी ओल ठेवा. तीन आठवड्यांनी सगळ्यांत काकडीचं बी टोका. काकडी ॲट्राझिनला फार हळवी. उगवेल सगळीकडे, पण औषध शिल्लक असेल तिथे पहिली खरी पानं आल्यावर कडा पिवळ्या पडून करपायला लागतात. परसातल्या मातीतली फवारलेली काकडी करपली आणि रानातल्या मातीतली हिरवीगार राहिली, तर माझं म्हणणं खरं. दोन्हींत करपली तर औषध जागेवर आहे, दोष तणाच्या जातीत किंवा फवारणीत शोधा.

खरं निघालं तर मात्रा वाढवू नका. बहुतेक लोक तेच करतात, आणि त्याने खाणाऱ्यांची पंगत आणखी मोठी होते. एक-दोन हंगाम वेगळ्या गटाचं, उसाच्या लेबलवर असलेलं औषध घ्या. मेट्रिब्युझीनही ॲट्राझिनसारखंच पानातली प्रकाशाची क्रिया अडवतं, पण त्याची रचना थोडी वेगळी असल्याने त्याच जिवाणूंना ते तसंच पचेल असं नाही. जमलं तर एखाद्या हंगामात ऊस मोडून सोयाबीन किंवा भुईमूग घ्या. मात्र त्याआधीच्या लागणीला ॲट्राझिन मारलेलं असेल तर वरची काकडीची परीक्षा सोयाबीनच्या बियांवर करून मगच पेरा.

नुकसान खरंच कुठे होतं ते विचारलं असतंत, तर मी तुम्हाला तुमच्या मोटर-घराच्या कोपऱ्यात नेलं असतं. जिथे वर्षानुवर्षं पंप भरला जातो, धुतला जातो, उरलेलं ओतलं जातं ती चटई-दोन चटईएवढी जागा. अशा जागेची माती आम्ही डिहायड्रोजिनेज चाचणीला लावतो. मातीत एक रंगहीन रसायन घालून दिवसभर ठेवलं की जिवंत जिवाणू श्वासोच्छ्वासात त्याचा लाल रंग करतात. शेणखत खाल्लेल्या रानाची नळी डाळिंबाच्या रसासारखी होते. पंप धुवायच्या जागेची नळी कित्येकदा नुसती फिकट गुलाबी. मात्रेने औषध काय करतं आणि ढिगाने काय करतं, हे त्या दोन नळ्या शेजारी ठेवल्या की दिसतं. पंप धुतलेलं पाणी दर वेळी रानातच वेगवेगळ्या सरीत फवारून टाका, विहिरीकाठी नको.

दुसरं नुकसान पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी ज्या रानात दिवसचे दिवस उभं राहिलं, तिथल्या जिवाणूंना जो तडाखा बसला त्यापुढे तणनाशक काहीच नाही. हवा संपली की नायट्रेट करणारे थांबतात आणि असलेलं नायट्रेट वायू करून उडवणारे कामाला लागतात. २,४-डीसारखी औषधंही अशा हवाबंद मातीत रेंगाळतात. क्षारपड रानाचंही तेच. म्हणून पाणथळ भागात मी आधी निचऱ्याचं विचारतो, औषधाचं मागून.

आणि पाचट. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात एक किलो ॲट्राझिन ठेवा. जिवाणूंचं बरं-वाईट कोणत्या पारड्यावर ठरणार? तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं पाचट पेटवलं. मग अहवालात काही का येईना, काकांना जे दिसतंय ते त्याचंही असेल. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब शंभर पटींच्या आसपास असतो, म्हणून नुसतं टाकलं तर जिवाणू कुजवण्यासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू खत, ही शिफारस त्यासाठीच आहे. पाचट आच्छादलं की सरीत तण कमी येतं, तणनाशकही कमी लागतं.

राहिली ती बाटली. ती ॲसिटोबॅक्टरची असेल तर फेकू नका. हा जिवाणू उसाच्या आत राहून हवेतलं नत्र बांधतो. १९८८ साली ब्राझीलमध्ये उसातूनच तो शोधला गेला. त्याची जागा टिपरीवर आहे, मातीवर नाही. लागणीच्या दिवशी पाण्यात मिसळून त्यात टिपरी अर्धा तास बुडवा, सावलीत निथळून लगेच पुरा. बुरशीनाशकाची प्रक्रिया करणार असाल तर ती आधी, जिवाणूंची शेवटी. नंतर तीन-चार दिवसांनी वरून ॲट्राझिन पडलं तरी टिपरी खाली मातीआड असते, दोघांची गाठ फारशी पडत नाही. बाटलीवरची तारीख तेवढी बघा. आणि ती दुकानाच्या पत्र्याखाली मे महिनाभर तापत पडली असेल तर तारीख बघूनही उपयोग नाही.

पुन्हा माती तपासायला पाठवाल तेव्हा दोन वेगळ्या पिशव्या करा: एकीत वरची दोन बोटं, दुसरीत त्याखालची वीतभर. उन्हात वाळवू नका, नेहमीच्या खत तपासणीला वाळवतात तसं इथे चालत नाही. वाफसा असताना माती घ्या, पिशवीचं तोंड सैल ठेवा, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. आणि अहवालात एकूण जिवाणूंऐवजी डिहायड्रोजिनेज आणि नायट्रेट तयार होण्याचा वेग मागा. काकडीच्या कुंड्या तयार झाल्या की त्याही गाडीत घालून आणा, पानं मला डोळ्यांनी बघायची आहेत.